अंधारात वळायचं, उजेडात थांबायचं

मी बोलतोय. जरा वर पाहा. ढाणकीच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटावर, प्लास्टिकच्या सापळ्याशेजारी, फाटक्या सतरंजीत गुंडाळलेला जो काळा ठोकळा दिसतो ना, तो मी. मान फिरवणारा दिवा. वरातीत आणि दुर्गादेवीच्या मंडपात आकाशभर पांढरे पट्टे फिरवणारे दिवे तुम्ही पाहिले असतील, त्यांच्यातलाच एक. आता माझी मान दुखते. लोकांनी ती फार फिरवली आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. आईबाप आठवत नाहीत, आठवतो तो फक्त भाऊ. एकाच खोक्यात, एकमेकांकडे पाठ करून, आम्ही जुळे इथवर आलो. दोघांच्या पोटात दोन दोन मोटारी. एक मान डावीउजवीकडे वळवणारी, दुसरी वरखाली करणारी. डोळ्यात सुपारीएवढा बल्ब आणि त्या डोळ्याला आतून एक पापणी. बल्ब जळत असतानाही ती मिटता येते. या पापणीची किंमत कळायला माणसांना अकरा वर्षं लागली.

पुसदच्या रामलालजींनी आम्हाला विकत घेतलं. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. आमच्या पाठीवर एक खटका असतो, तो दाबला की दिवा आवाजाच्या तालावर नाचतो. ढोल वाजला की मान इकडे, फटाका वाजला की तिकडे. रामलालजींनी पहिल्याच दिवशी तो खटका दाबला आणि पुढची आठ वर्षं सोडला नाही.

आठ वर्षांत मी हजारो चेहरे पाहिले आणि एकही पाहिला नाही. कुणावर क्षणभर टेकलो की मान वळायचीच. एकदा दिग्रसच्या एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात नवरीची धाकटी बहीण एकटीच उभी राहून रडत होती. मला थांबायचं होतं. तेवढ्यात फटाका वाजला. पुन्हा वळून आलो तेव्हा कोपरा रिकामा होता.

पुढे रामलालजींनी नवे, हलके दिवे आणले आणि आम्हाला या शाळेला देऊन टाकलं. ते इथंच सातवीपर्यंत शिकलेले. शाळेला आनंद झाला. आनंद झाला की आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. रंगाचा डबा आणतात. पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, बाकाच्या पाठीवर, दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे.

मुख्याध्यापक अनंत सर पेंटरला म्हणाले, "जीवनभाऊ, नाव मोठं टाका. मागच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे."

आमच्या अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक फटी असतात. त्या आमच्या नाकपुड्या. आतली गरम हवा तिथून बाहेर जाते. जीवनभाऊंना त्या फटींवर अक्षरं नीट बसेनात. बिचारा मनापासून काम करणारा माणूस. त्यानं माझ्या भावाच्या फटी आधी जाड रंगानं बुजवल्या आणि मग वर सुरेख वळणात लिहिलं, 'सप्रेम भेट, रामलालजी, पुसद'. माझी पाळी येईपर्यंत डब्यात रंग थोडा उरला होता. त्यात तेल ओतून त्यानं पातळ हात मारला. म्हणून मी वाचलो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तिसऱ्या डान्सला माझा भाऊ गुदमरला. त्याच्या अंगातून धूर निघायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे पाह्य, धूरबी सोडून राह्यले! एक नंबर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खटक्याला बांधलेला. त्या टाळ्यांवर मला नाचावं लागलं.

त्यानंतर वर्षातून एकदा मला खाली काढायचे, डान्सवर नाचवायचे आणि पुन्हा कपाटावर टाकायचे. भाऊ कपाटाच्या खाली, मी वर. अशी तीन वर्षं गेली.

मग यवतमाळहून भैरवी मॅडम मराठी शिकवायला आल्या. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या. चालताना अर्धं पाऊल कायम पुढेच. नकाशा शोधायला प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांना मी सापडलो. नकाशा राहिला बाजूला. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि माझ्याबद्दलची माहिती फोनवर वाचत राहिल्या. माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर त्यांनी एक आकडा शोधला, तो आजवर कुणी पाहिलाच नव्हता. बल्बाचं आयुष्य दोन हजार तासांचं. माझा एक हजार नऊशे नव्वद तास जळालेला.

"दहाच तास उरले रे तुझे," त्या म्हणाल्या. माझ्याशी एवढ्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

त्यांच्या डोक्यात नाटक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अनंत सरांना गाठलं. सर मनानं वाईट नाहीत, पण संमेलनाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर घाम येतो.

"मॅडम, नाटक सुरू झालं का लोकं चटया झटकतात," सर म्हणाले. "तीन वर्षं झाले पाहून राह्यलो. या वर्षीबी उठले, तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. त्या वेळात दोन डान्स बसतात."

"लोक उठतात कारण त्यांना काही दिसत नाही, सर. सहा हॅलोजन सगळ्यांवर सारखाच उजेड ओततात. कोण बोलतंय तेच कळत नाही. हा एक दिवा मला द्या."

"घ्या न! पण फिरवजा बरं. रामलालजी पाहुणे येणार. त्यांचा लाइट एका जागी ठोंब्यासारखा राह्यला, तं त्यांले काय वाटन?"

शेवटी तडजोड झाली. नाटक आधी, डान्स नंतर. नाटकात मॅडम म्हणतील तसं, डान्सात सर म्हणतील तसं. लोक उठले तर नाटक कायमचं बंद, हे मात्र सरांनी मागे घेतलं नाही.

नाटक पोरांनीच रचलं होतं. एका म्हातारीला दाखला हवा असतो. तिची माणसं पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायची. कचेरीतला बाबू विचारतो, जन्मगाव कोणतं? म्हातारी सांगते, रस्त्यात. बाबू म्हणतो, कागदावर 'रस्ता' असं गाव नाही. आणि म्हातारीच्या चकरा सुरू होतात. म्हातारीचं काम नववीतल्या वर्षाचं होतं. ती शेजारच्या तांड्यावरून सायकलनं यायची. बाबू झाला होता तिच्याच वर्गातला बबलू. आणि मला चालवायचा बटणांचा बोर्ड दहावीतल्या श्रेयसच्या हातात.

नाटकात सात जागा होत्या. घर, शाळा, वाट, कचेरीची खिडकी, साहेबाचं टेबल, पारावरचं झाड आणि शेवटी रिकामं, मोकळं मैदान. पडदे रंगवायला कुणी नव्हतं. दिवा एकच. मॅडमनी वर्षाच्या टिकल्यांचं पाकीट मागितलं आणि रंगमंचावर सात ठिकाणी सात टिकल्या चिकटवल्या. "हा एक दिवा नाही, सात दिवे आहेत," त्या पोरांना म्हणाल्या. "फक्त एका वेळी एकच जळतो."

माझे तास वाचवायचे म्हणून तालमीत मला पेटवलंच नाही. श्रेयस शिडीवर चढून माझ्या जागेवरून बॅटरी धरायचा. टिकलीवर उजेड, संवाद, बॅटरी बंद, पुढची टिकली. जागा बोर्डात भरून ठेवण्यासाठी मला एकदाच पेटवलं, जेमतेम वीस मिनिटं. सात टिकल्यांवर वर्षा आळीपाळीनं उभी राहिली, शाळेच्या गणवेशात.

मॅडमचा नियम एकच. "अंधारात वळायचं, उजेडात थांबायचं." म्हणजे एक प्रवेश संपला की माझी पापणी मिटायची, मी अंधारातच मान वळवायची आणि पुढच्या टिकलीवर पापणी उघडायची. पाहणाऱ्याला वाटावं, दुसराच दिवा लागला.

श्रेयसचं बोट वळवळायचं. "मॅडम, उजेडात एकदा फिरवून पाहू का?"

"नाही."

"एकदाच!"

"श्रेयस, तुझी मान फिरवू का?"

पोरं खिदळली. मी नाही हसलो. नुसतं थांबायचं, असं मला सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जानेवारीत संमेलन आलं. पटांगण चटयांनी भरलं. दिवस मावळला, भाषणं झाली, रामलालजींना शाल-नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं. वर्षाची आजी बसंतीबाई तांड्यावरच्या बायांबरोबर बाजूला बसली होती. त्या दिवसासाठी तिनं स्वतःची ओढणी नातीला दिली होती. जुनी, जड, आरसे टाचलेली.

नाटक सुरू झालं. मंचावर हॅलोजन अगदी मंद ठेवले होते. मी पहिल्या टिकलीवर उघडलो. घर. मिटलो, वळलो, उघडलो. शाळा. पुन्हा तसंच. वाट. चटया हलल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटातल्या जुन्या मोटारींनाही हुरूप आला.

चौथी जागा कचेरीची खिडकी. तिथं पोचायला मला मान जवळजवळ पूर्ण वळवावी लागते. पाच सेकंद लागतात. मॅडमनी त्या वेळेपुरते हॅलोजनही बंद ठेवले होते. पाच सेकंद मिट्ट काळोख.

पटांगण ओरडलं, "लाइट गेली!"

आमच्याकडे अंधाराचा अर्थ एकच असतो. अनंत सर खुर्चीतून उठले आणि कडाडले, "धम्मरत्न, जनरेटर लाव!" धम्मरत्नदादा शाळेचे शिपाई, वीस वर्षांची सवय. धावत गेले आणि मोठा खटका खाली ओढला. वीज चालू होती, ती या खटक्यानं गेली. जनरेटर धडधडला. हॅलोजन भक्कन पेटले. मी पेटलो नाही.

माझी जात अशी आहे की तापलेला बल्ब एकदा विझला की लगेच लागत नाही. आधी निवावा लागतो. दहा मिनिटं. वीज परत आली की मान मात्र आपोआप एकदा गरगर फिरते. ती फिरली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मॅडम विंगेत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नाटकातल्या प्रत्येक पोराला त्यांनी अंधाराबद्दल दहा वेळा सांगितलं होतं. ज्यांच्या हातात खटका होता त्या धम्मरत्नदादांना सांगायचं राहून गेलं होतं. सरांनाही.

पटांगणात पहिली चटई झटकली गेली. मग दुसरी. मला तो आवाज ओळखू येतो. अनंत सरांनी हताशपणे मॅडमकडे पाहिलं.

मंचावर वर्षा कचेरीच्या खिडकीपाशी उभी होती. समोर बबलू बाबूच्या खुर्चीत दगड होऊन बसलेला. तिनं उठणाऱ्या चटयांकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हातारीच्या आवाजात म्हणाली, "काहो बाबू, साहेब कुठी गेले?"

हा संवाद नाटकात नव्हता. 

"जेवायले गेले असतीन," वर्षानंच उत्तर दिलं. ती मंचाच्या कडेला येऊन पाय सोडून बसली. पुढच्या रांगेत एक काका चटई काखेत मारून उठले होते. त्यांना म्हणाली, "ओ काका, कुठी चालले? नंबर जाईन न तुमचा!"

लोक हसले. काका ओशाळून खाली बसले.

"तुम्ही कायच्यासाठी आले?"

"सातबाऱ्यासाठी!" काकांनी ठोकून दिलं.

"कितवी चक्कर?"

"सहावी!"

"हात्! सहावीले तं साहेब तोंड पाह्यत नाही."

मागून एकजण ओरडला, "आमची अकरावी हाय!" बायांच्या बाजूनं कुणीतरी उठून उभी राहिली. "ये आजी, माह्या कार्डावर नवऱ्याच्या जागी भावाचं नाव टाकलं त्यायनं! तीन वर्षं झाले, सुधरून राह्यले!" पटांगण फुटलं. झटकलेल्या चटया पुन्हा अंथरल्या गेल्या.

आता बबलूलाही कंठ फुटला. टेबलावर हात आपटून तो म्हणाला, "ओ आजी, शांतता ठेवा! साहेब जेवून राह्यले."

"जेवू द्या बापा. आम्ही कालच जेवून आलो."

दहा मिनिटं अशी गेली. कचेरीत थांबायची सवय सगळ्यांनाच होती. वर्षानं ती फक्त त्यांच्याकडून मागून घेतली. आणि माझ्या डोळ्यात धग पुन्हा धरली. श्रेयसनं विंगेकडे बोट वर केलं.

खिडकी झाली, टेबल झालं, झाड झालं. आता प्रत्येक अंधाराला ते सहाव्या चकरेचे काका शेजाऱ्यांना दटावायचे, "गप बसा बे! लाइट नाही गेली. साहेब येऊन राह्यले."

शेवटची टिकली, मंचाच्या मधोमध. मी मिटलो, वळलो. तापलेला असताना वीज तुटल्याचा दणका बसून बल्ब आता थरथरत होता, मला कळत होतं. मी पापणी उघडली. समोर वर्षा होती. पूर्ण नाटकभर खांद्यावर गुंडाळून ठेवलेली आजीची ओढणी तिनं उलगडून दोन्ही हातांवर पसरली होती.

मी त्या आरशांवर पडलो आणि माझे तुकडे तुकडे झाले. शेकडो तुकडे. मांडवाच्या कापडावर, लिंबाच्या फांद्यांवर, लोकांच्या कपाळांवर, गालांवर.  मला पेटवलं त्या दिवशी ओढणी नव्हती. मॅडमना ठाऊक नव्हतं, वर्षालाही नाही. विंगेतून मॅडमचा दबका आवाज आला, "अगं..."

बाबू शेवटचं विचारत होता, "आजी, गाव एकच लिहा लागते. कोणतं लिहू?"

वर्षा हळूहळू वळायला लागली. "नेरजवळ आमचा बैल मेला, त्याले आम्ही तीन दिवस रडलो. दारव्ह्याच्या वाटेवर माह्या मायचं लगन झालं. पुसदच्या बाजारात माह्या बापानं मीठ उतरवलं. अन् इथी, या ढाणकीच्या वेशीवर, म्या पह्यलं पाऊल टाकलं." ती वळत होती आणि उजेडाचे ठिपके सगळ्या पटांगणावरून फिरत होते. बसंतीबाईच्या हातांवरून, रामलालजींच्या शालीवरून, अनंत सरांच्या चष्म्यावरून, धम्मरत्नदादांच्या टोपीवरून. एकही माणूस सुटला नाही.

ती थांबली. ठिपकेही थांबले.

"यातलं कोणतं खोडू, साहेब?"

बायांच्या बाजूनं बसंतीबाईचा आवाज आला, "ये याडी..." तांड्यावरच्या बोलीत 'अगं आई'. बस्स, एवढाच.  चटई हलली नाही.

मी हललो नव्हतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एका चेहऱ्याकडे पुरतं पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. हनुवटी किंचित थरथरत होती. एवढं पाहायला मिळावं म्हणून मी कधीपासून थांबायचं म्हणत होतो.

टाळ्या संपल्यावर ठरल्याप्रमाणे डान्स होते. श्रेयसनं जड मनानं तो जुना खटका शोधला. तेवढ्यात शाल सावरत रामलालजी बोर्डापाशी आले.

"राहू दे, बाबू. त्याले आवाजावर नको लावू. लय नाचवला म्या." माझा उजेड पिवळा पडला होता, ते त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. "बल्ब बंद कर, पण पंखा पाच मिनिट चालू ठेव. निवू दे. अन् याच्या जोडीचा कुठी हाय?"

"तो जळला," भैरवी मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी."

"मशीन जळली असन. बल्ब कायले जळते? त्याच्यात तं म्या देताना नवा टाकला होता."

मॅडमनी विचारलं, "मग हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"इचारलं कोणी?" रामलालजी म्हणाले. "नाव मोठ्ठं टाकलं माह्यं. फोन नंबर कोणी लिहून घेतला नाही."

अनंत सर बाजूलाच उभे होते. त्यांनी खिशातून पेन काढला आणि हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे नंबर लिहून घेतला. मग त्याच्याखाली लिहिलं, 'पुढील वर्षी: नाटक पहिले.'

खरं सांगू? माझा बल्ब त्या दिवशी जो निवला, तो पुन्हा लागला नाही. मला वाटलं, सुटलो. सतरंजी अंगावर आली तेव्हा बरं वाटलं. पण गेल्या शनिवारी वर्षा आणि श्रेयस आले, मॅडम आल्या, फोनवर रामलालजी. त्यांनी माझ्या भावाला टेबलावर घेतलं. वर्षानं आधी त्याच्या नाकपुड्यांतला रंग ब्लेडनं खरवडून काढला. आता त्याचा त्याला काय उपयोग, पण काढला. मग फोनमधून सूचना आल्या, "हात लावू नका, फडक्यानं धरा," आणि त्याच्या डोळ्यातला बल्ब माझ्या डोळ्यात आला.

तो जळाला होता फक्त तीन डान्सांपुरता. त्याच्या वाट्याचं सगळं पाहणं शिल्लक आहे. मान मात्र माझीच, झिजलेली, कुरकुरणारी.

म्हणून एवढंच मागतो. मला पेटवण्याआधी, कुठं पाहायचं ते ठरवा. वळायचं असेल तेव्हा पापणी मिटू द्या, आणि अंधार होणार आहे हे खटक्यापाशी बसलेल्या माणसालाही सांगा. मग कुणी बोलायला उभं राहिलं, तर त्याचं बोलून होईपर्यंत मला तिथंच राहू द्या. तेवढा वेळ ही मान अजून ताठ राहते.